तालुक्याचे महाविद्यालय आणि विद्यापीठ: शिक्षक घडवण्याची भागीदारी कशी उभी करावी

खान्देशातील बहुतेक वरिष्ठ महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९९० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल आणि चौकशी समित्या यांच्या निमित्ताने महाविद्यालयांचा विद्यापीठाशी वर्षभर पत्रव्यवहार चालू असतो. या नात्याला संलग्नता म्हणतात. भागीदारी निराळी असते. संलग्नतेत विद्यापीठ ठरवते आणि महाविद्यालय अंमलात आणते. भागीदारीत दोघांनाही काहीतरी पदरचे आणावे लागते, आणि कोणी काय आणले हे कागदावर लिहावे लागते. शहादा, तळोदा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल किंवा पाचोरा अशा ठिकाणच्या ज्या प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना आपल्या महाविद्यालयातून चांगले शिक्षक तयार व्हावेत असे वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे. तालुक्याचे महाविद्यालय स्वतःला विद्यार्थी पुरवणारे ठिकाण समजून बोलणीस बसले, तर करारावर सह्या होतात, छायाचित्र वर्तमानपत्रात येते आणि काम तेथेच थांबते. विद्यापीठाकडे शिक्षणशास्त्राचे अभ्यासक, मोठे ग्रंथालय आणि पदवी देण्याचा अधिकार आहे. महाविद्यालयाकडे परिसरातील शाळांची ओळख आहे, त्या शाळांत शिकवणारे स्वतःचे माजी विद्यार्थी आहेत, आणि अहिराणी, पावरी, मावची, गुजरी किंवा लेवा गणबोली घरी बोलणारे आजचे विद्यार्थी आहेत. शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणाला या दोन्हींची सारखीच गरज असते. म्हणून महाविद्यालयाकडच्या या ज्ञानाला अभ्यासक्रमात स्थान आणि श्रेयांक (क्रेडिट) मिळवून देणे हेच भागीदारीचे मुख्य काम समजावे.

आधी मार्ग निश्चित करावा

अमेरिकेत या प्रकारच्या भागीदारीला मोठी परंपरा आहे. तेथील सामुदायिक महाविद्यालयांची सुरुवात इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली झाली. विद्यार्थी पहिली दोन वर्षे गावाजवळच्या स्वस्त महाविद्यालयात शिकतो आणि उरलेली दोन वर्षे विद्यापीठात पूर्ण करतो. मेरीलँड राज्याने तर भावी शिक्षकांसाठी दोन वर्षांची एक स्वतंत्र पदवीच आखली असून ती घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचा एकेक विषय पुन्हा तपासत न बसता विद्यापीठे ती संपूर्ण स्वीकारतात. या व्यवस्थेतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे विद्यार्थ्याने एकदा केलेले काम पुन्हा करावे लागू नये ही शिस्त. बाकीची चौकट जशीच्या तशी येथे आणता येत नाही, कारण आपल्याकडे शिक्षक शिक्षणाचा कोणताही अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, मान्यतेशिवाय चालवता येत नाही. त्याचा कालावधी, प्रवेशसंख्या आणि प्राध्यापकांची पात्रता तीच ठरवते.

आपल्यासमोर साधारण तीन मार्ग असतात. पहिला, बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. या चालू पदव्यांच्या आतच शिक्षणशास्त्राची ओळख करून देणारे विषय विद्यापीठाच्या मदतीने सुरू करणे. दुसरा, परिसरातील स्वतंत्र बी.एड. महाविद्यालयाला पदवी महाविद्यालयाशी आणि विद्यापीठाशी जोडणे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षक शिक्षण २०३० पर्यंत बहुशाखीय संस्थांमध्ये यावयाचे आहे आणि एकशाखीय संस्थांनी परस्परांशी सहकार्य करावे किंवा एकत्र यावे यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वेही दिली आहेत. तिसरा, बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक शिक्षण अभ्यासक्रम, ज्याला सर्वजण आयटेप म्हणतात, तो मिळवणे. त्याच्या एका तुकडीत पन्नास विद्यार्थी असतात, प्रवेश राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेतून होतो आणि त्यासाठी लागणारी प्राध्यापकसंख्या व इमारत तालुक्याच्या महाविद्यालयाला एकट्याने उभी करणे जड जाते.

माझा सल्ला असा की, पहिल्या मार्गाने सुरुवात करावी. त्याला विद्यापीठाच्या अधिकार मंडळांची मान्यता पुरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या मार्गासाठी लागणारे अनुभव, शाळांशी संबंध आणि परस्परविश्वास त्यातूनच तयार होतात. मात्र विद्यार्थ्यांना आणि पालकांना पहिल्याच दिवशी लेखी सांगावे की, हे श्रेयांक पदवीत मोजले जातील, पण त्यामुळे पुढील बी.एड.चा कालावधी कमी होणार नाही, सीईटी टळणार नाही आणि शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावीच लागेल. माहितीपत्रकात 'शिक्षक प्रशिक्षण' हा शब्द सैलपणे वापरल्यास सातपुड्यातील एखादे कुटुंब त्या एका शब्दावर मुलीची तीन वर्षे आणि स्वतःची जमापुंजी लावते, याची जाणीव प्रत्येक ओळ लिहिताना असली पाहिजे.

अभ्यासक्रमात जागा कोठे आहे

महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांना २०२४-२५ पासून नव्या धोरणाची श्रेयांकरचना लागू झाली. मेजर आणि मायनर विषयांबरोबरच ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याधारित विषय, फिल्ड प्रोजेक्ट, समुदाय सहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग असे कप्पे या रचनेत आहेत आणि अनेक महाविद्यालयांत ते जसे जमेल तसे भरले जातात. भागीदारीची जागा नेमकी येथे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार शिक्षणशास्त्र हे आंतरविद्याशाखीय अभ्यास या विद्याशाखेत येते. त्यामुळे कला, विज्ञान आणि वाणिज्य अशा तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना ते आपल्या शाखेबाहेरचा विषय म्हणून घेता येऊ शकते. ही सोय बऱ्याच महाविद्यालयांच्या लक्षात आलेली नाही.

प्रस्ताव तयार करताना महाविद्यालयाने आधी शिक्षणशास्त्राच्या अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांशी अनौपचारिक चर्चा करावी आणि मगच प्राचार्यांच्या सहीने विषयांचा आराखडा पाठवावा. अभ्यास मंडळाकडून तो विद्याशाखेकडे आणि पुढे विद्यापरिषदेकडे जातो. या प्रवासाला वेळ लागतो. म्हणून जूनमध्ये विषय सुरू करावयाचा असेल तर आधीच्या दिवाळीपूर्वी आराखडा विद्यापीठात पोहोचलेला बरा. स्वायत्त महाविद्यालयांना हा मार्ग जवळचा असतो, तरीही विद्यापीठातील विषयतज्ज्ञांना आपल्या अभ्यास मंडळावर घेऊनच त्यांनी पुढे जावे.

आता एक विषय जवळून पाहू. समजा, 'शाळेचे निरीक्षण आणि नोंद' असा दोन श्रेयांकांचा विषय ठेवला. एक श्रेयांक तात्त्विक, म्हणजे पंधरा तास. दुसरा प्रात्यक्षिकाचा, म्हणजे तीस तास. तीस तास म्हणजे शाळेत प्रत्येकी तीन तासांच्या दहा भेटी. शनिवारी शाळा सकाळची असते आणि महाविद्यालयातही तासिका कमी असतात, म्हणून सर्व भेटी शनिवारी ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. पहिली ते आठवीसाठी आता 'आनंददायी शनिवार' असल्याने त्या दिवशी कवायत, खेळ, कला असे उपक्रम दिसतात. गणिताचा किंवा भाषेचा नेहमीचा तास दिसत नाही. दहापैकी किमान सहा भेटी मंगळवार ते गुरुवार या दिवसांत व्हाव्यात आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या वेळापत्रकात एक दुपार मोकळी ठेवावी. वेळापत्रक समितीला हे पटवणे हे प्रस्तावाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

नोंद कशी घ्यावी हे विद्यार्थ्याला शिकवावे लागते. दुशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथी एका खोलीत बसतात. गुरुजी चौथीला भागाकार समजावून देत असताना तिसरीतील मुले काय करतात, हे दर पाच मिनिटांनी लिहावयास सांगावे. चांगली नोंद अशी असते: 'अकरा वाजून दहा मिनिटे. तिसरीतील चौघे पुस्तकातील चित्र वहीत काढत आहेत. खिडकीजवळची मुलगी चौथीच्या फळ्यावरचा भागाकार उतरवून घेत आहे. बाकी चुकली आहे, पण मांडणी बरोबर आहे.' वाईट नोंद अशी असते: 'वर्गात शिस्त होती. मुले आनंदी वाटली.' पहिल्या नोंदीवर महाविद्यालयात अर्धा तास चर्चा होऊ शकते. या मुलीला तिसरीतच भागाकार द्यावा का, बहुवर्ग अध्यापनात बैठकव्यवस्था बदलली तर काय होईल, चित्र काढणाऱ्या चौघांना दिलेले काम त्यांच्या इयत्तेला पुरेसे आहे का, असे प्रश्न तिच्यातून निघतात. ही चर्चा महाविद्यालयाचा प्राध्यापक आणि विद्यापीठाचा प्राध्यापक यांनी मिळून घ्यावी, समोरासमोर शक्य नसेल तेव्हा ऑनलाइन, पण मिळूनच. भागीदारी प्रत्यक्ष दिसते ती अशा अर्ध्या तासात.

दुसरा विषय बालविकासाचा, तिसरा भाषाशिक्षणाचा ठेवता येईल. भाषेच्या विषयात परिसरातील बोलींना मानाचे स्थान द्यावे. शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथे मातृभाषेतून शिकवण्याचे सांगितले आहे. धडगाव-अक्कलकुवा भागातील पहिलीच्या वर्गात ते प्रत्यक्षात कसे आणावे, याचे उत्तर पुस्तकात कमी आणि घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याकडे जास्त असते. अशा विद्यार्थ्याने वर्गातील सूचना, गोष्टी आणि गणिताची शाब्दिक उदाहरणे आपल्या बोलीत तयार करावीत, शाळेत वापरून पाहावीत आणि त्यावरच त्याचे मूल्यमापन व्हावे. विद्यापीठाने त्याचे संकलन आपल्याकडे जपून ठेवावे, त्यावर तयार करणाऱ्याचे नाव असावे आणि पुढील विद्यार्थ्यांना ते उपलब्ध असावे.

शाळा हा तिसरा भागीदार आहे

बहुतेक करारांत शाळेचा उल्लेख 'सरावासाठी उपलब्ध शाळा' एवढाच येतो. येथेच भागीदारी कच्ची राहते. मुलांचा वेळ, वर्गशिक्षकाचे श्रम आणि मुख्याध्यापकाची जबाबदारी यांच्यावर सगळे प्रात्यक्षिक उभे असते, म्हणून शाळांना कराराच्या बोलणीतच बोलवावे. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी आणि केंद्रप्रमुखांना प्रत्येक टप्प्यावर माहिती द्यावी. शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत असल्याने तेथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी लागते; नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथे ही प्रकल्प कार्यालये आहेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे डाएटला, सुरुवातीपासून सोबत घ्यावे, कारण शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आणि बहुवर्ग शाळांचा तिचा अनुभव थेट उपयोगी पडतो.

वेळापत्रक हा सर्वांत अवघड भाग आहे आणि त्यावर जितका वेळ द्यावा तितका थोडाच. विद्यापीठाच्या सत्रपरीक्षा साधारण दिवाळीच्या आगेमागे आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षांमुळे माध्यमिक शाळा अडकलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलने आणि क्रीडास्पर्धा असतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात, तेव्हा वर्ग निम्मा रिकामा होतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या हे आदिवासींचे उत्सवी बाजार भरतात. त्या दिवसांत डोंगराळ भागातील शाळेत पाठ ठेवणे व्यर्थ आहे. उरतात जुलै ते सप्टेंबर हे महिने, पण तेव्हा पावसाने घाटरस्ते बंद पडण्याची भीती असते.

यावर उपाय असा की, सर्व शाळांना एकच वेळापत्रक लावू नये. तापीकाठच्या सपाटीवरील शाळांत भेटी जुलै-ऑगस्टमध्ये, डोंगरातील निवासी आश्रमशाळांत सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये, तर माध्यमिक शाळांत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवाव्यात. बी.एड.च्या दोन वर्षांत एकूण वीस आठवड्यांचा शालेय अनुभव अपेक्षित आहे, चार आठवडे पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांनी हे सोळा आठवडे आखताना स्थलांतराचा काळ अवश्य पाहावा. उलट, काही प्रशिक्षणार्थींना मुद्दाम त्या काळातच अशा शाळेत पाठवावे, म्हणजे मागे राहिलेल्या मुलांचा वर्ग कसा चालतो आणि होळीच्या सुमारास परतलेल्या मुलाला पुन्हा कसे सामावून घ्यावे, हे त्यांना पाहता येईल. खान्देशातील शिक्षकाला हे कौशल्य लागतेच, आणि ते अन्यत्र कोठे शिकता येत नाही.

आश्रमशाळेत सराव असेल तर संध्याकाळचा अभ्यासाचा वेळही त्यात धरावा. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहही सांभाळत होते. मुलांना ते जसे ओळखत, तशी ओळख वर्गातील पस्तीस मिनिटांत होत नाही. अर्थात, निवासी मुलांच्या सहवासाला कडक नियम हवेत. प्रशिक्षणार्थीने मुलांबरोबर एकटे थांबू नये, अधीक्षक उपस्थित असावेत, मुलांची छायाचित्रे काढू नयेत, आणि लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याची (पॉक्सो) माहिती प्रत्येकाला शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी द्यावी.

मार्गदर्शन करणाऱ्या वर्गशिक्षकाला मानधन द्यावे. रक्कम मोठी नसली तरी चालेल, पण ती वेळेवर आणि थेट खात्यात जावी. शिवाय विद्यापीठाने त्याला 'मार्गदर्शक शिक्षक' असे प्रमाणपत्र द्यावे आणि आपल्या ग्रंथालयाचे सदस्यत्व द्यावे. ज्या शिक्षकाच्या वर्गात आपण विद्यार्थी पाठवतो, त्याला वर्षातून दोनदा चर्चासत्रासाठी बोलावून शेवटच्या रांगेत बसवणे योग्य नव्हे. त्याच्याकडे एका सत्राचे अध्यापन सोपवावे.

करारात काय लिहावे

सामंजस्य करार चार-पाच पानांचा असावा आणि त्याला परिशिष्टे जोडलेली असावीत. मुख्य मसुद्यात उद्देश, कालावधी (किमान तीन वर्षे, म्हणजे एक पूर्ण तुकडी बाहेर पडेपर्यंत) आणि करार संपवण्याची पद्धत यावी. करार मध्येच संपला तरी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचे विषय पूर्ण होतील, हे कलम कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. खरे महत्त्व परिशिष्टांना आहे. पहिल्या परिशिष्टात प्रत्येक विषय, त्याचे श्रेयांक, कोण शिकवणार, कोण तपासणार आणि ते श्रेयांक विद्यार्थ्याच्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे श्रेयांक साठवणाऱ्या राष्ट्रीय ऑनलाइन व्यवस्थेतील, खात्यात कोण नोंदवणार, हे एकेका ओळीत असावे.

दुसरे परिशिष्ट विद्यार्थ्याच्या नोंदणीचे. विद्यार्थी कोणत्या संस्थेच्या पटावर आहे, हजेरी कोण ठेवते आणि महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या संस्थेमार्फत जातो, हे निःसंदिग्ध असावे. आदिवासी आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांचे शिक्षण शिष्यवृत्तीवर अवलंबून असते आणि दोन कार्यालयांच्या मध्ये अडकलेला अर्ज पुन्हा मार्गी लावण्यात वर्ष निघून जाते. प्रत्येक संस्थेने यासाठी एक लिपिक नावानिशी नेमावा, आणि दोन्ही लिपिकांची भेट करार होण्यापूर्वी घडवून आणावी.

तिसरे परिशिष्ट प्रवास आणि खर्चाचे. धडगावहून जळगावला जाऊन एका दिवसात काम आटोपून परतणे जमत नाही, म्हणून विद्यार्थ्याने विद्यापीठात येण्याचे दिवस मोजके, सलग आणि निवासाच्या सोयीसह असावेत. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर आणि धरणगाव ही गावे सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर आहेत. त्या बाजूच्या महाविद्यालयांची सत्रे गाड्यांच्या वेळा पाहून ठेवावीत. त्याहून उत्तम म्हणजे विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी तालुक्याला यावे. वर्षातून किती दिवस कोण येणार आणि त्याचा प्रवासभत्ता कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, हे लिहिलेले नसेल तर दुसऱ्या वर्षी कोणी येत नाही.

समन्वयक दोन्हीकडे दोन-दोन असावेत. आज महाविद्यालयांत कितीतरी विषय तासिका तत्त्वावरील प्राध्यापक सांभाळतात. एकट्या अशा प्राध्यापकावर भागीदारी सोपवली तर पुढील जूनमध्ये तो असेल याची शाश्वती नसते, आणि त्याच्या कामाची नोंदही कोठे होत नाही. म्हणून एक समन्वयक पूर्णवेळ असावा, दुसरा तासिका तत्त्वावरील असल्यास त्याला समन्वयाच्या तासांचे वेगळे मानधन मिळावे, आणि शाळांचे संपर्क, निरीक्षणाच्या वह्या, परवानग्यांच्या प्रती हे सर्व विभागाच्या कपाटात आणि संगणकात राहावे, कोणाच्या घरी नाही.

पहिली तुकडी

पहिल्या तुकडीत वीस ते पंचवीस विद्यार्थी आणि सहा ते आठ शाळा यापेक्षा जास्त घेऊ नयेत. निवड गुणांवर करू नये. ज्याला शाळेत जाऊन बसायला आवडते आणि जो आपली नोंद दुसऱ्यासमोर वाचून दाखवायला तयार आहे, तो घ्यावा. निवडीच्या मुलाखतीत एका प्राथमिक शिक्षकाला बसवावे. मुली निम्म्याहून कमी असतील तर त्याचे कारण शोधावे. बहुधा ते शाळेपर्यंतच्या एसटीच्या वेळेत सापडते आणि शाळा बदलून ते दूर करता येते.

आढावा जानेवारीच्या अखेरीस, पुढील वर्षाचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी घ्यावा. त्यात किती बैठका झाल्या याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात: कोणत्या विद्यार्थ्याला एखादा विषय किंवा कागद दुसऱ्यांदा करावा लागला, कोणत्या शाळेने पुढील वर्षी विद्यार्थी घेण्यास नकार दिला किंवा स्वतःहून मागितले, आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने तालुक्यातून आलेली कोणती दुरुस्ती स्वीकारली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सलग दोन वर्षे 'एकही नाही' असे आले तर कराराचे नूतनीकरण करण्यापूर्वी प्राचार्यांनी स्वतः अधिष्ठात्यांची भेट घ्यावी आणि अभ्यास मंडळाच्या पुढील बैठकीला एका मुख्याध्यापकाला निमंत्रित सदस्य म्हणून बोलवण्याची लेखी विनंती करावी. आढाव्याची बैठक भागीदार शाळांपैकी एकीत, शाळा सुटल्यानंतर ठेवावी, म्हणजे वर्गशिक्षकांना रजा न टाकता तिला बसता येते.